ज्यांचे रक्त, त्यांचे संशोधन

वैद्यकीय संशोधन हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते त्यात पांढरा कोट असतो, सूक्ष्मदर्शक असतो, आकड्यांचे तक्ते असतात आणि अखेरीस एखाद्या नामांकित नियतकालिकात छापून आलेला शोधनिबंध असतो. ज्या माणसाच्या दंडातून रक्त घेतले तो माणूस मात्र ह्या चित्रात सहसा दिसत नाही. दिसलाच तर एका क्रमांकाच्या रूपाने. त्याला कोणता प्रश्न पडला होता, निष्कर्ष त्याच्यापर्यंत पोहोचला की नाही, आणि पुढच्या वेळी तोच प्रश्न त्याच्या मुलीला स्वतः विचारता येईल की नाही, ह्याची नोंद कोणत्याही तक्त्यात नसते.

हा विषय आपल्या स्मरणिकेत मांडण्याचे कारण भौगोलिकही आहे. वडोदऱ्याहून पूर्वेकडे शंभर-सव्वाशे किलोमीटर गेले की राठवा, नायक, भिल्ल आणि तडवी बांधवांची वस्ती लागते. दक्षिणेकडे नर्मदा ओलांडली की वसावा, चौधरी, गामीत ह्यांचा मुलूख सुरू होतो. २०११ च्या जनगणनेनुसार गुजरातमध्ये अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे ८९ लाख, म्हणजे राज्याच्या जवळजवळ १५ टक्के आहे. देशात हीच संख्या १० कोटी ४० लाखांच्या घरात जाते. आपल्या दवाखान्यांत, रुग्णालयांत आणि रविवारच्या शिबिरांत ह्या समाजातील रुग्ण नित्य येतात. त्यांच्यावर उपचार होतात, त्यांच्यावर पदव्युत्तर प्रबंधही लिहिले जातात. परंतु त्यांच्यातून संशोधक घडावेत असा विचार आपल्या व्यवसायात अभावानेच आढळतो. तो व्हावा, आणि आपल्यासारख्या मंडळांनी त्यात पुढाकार घ्यावा, एवढेच ह्या लेखाचे प्रतिपादन आहे.

रक्त घेतले, पुढे काय?

भारतातील सिकलसेलचा इतिहास ह्या दृष्टीने बोलका आहे. १९५२ साली लेहमन आणि कटबुश ह्यांनी निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेलचा गुणधर्म आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर मध्य व पश्चिम भारतातील अनेक जमातींत त्याचे प्रमाण किती, त्याचा हिवतापाशी संबंध काय, त्याचे जनुकीय मूळ कोठले, ह्यांवर विपुल लेखन झाले. विज्ञान म्हणून ते मोलाचेच होते. परंतु ह्या ज्ञानाचे रूपांतर रुग्णाच्या हाती पडणाऱ्या सेवेत होण्यास अर्धशतक लागले. गुजरात शासनाचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम २००६ साली दक्षिणेकडील आदिवासी जिल्ह्यांत सुरू झाला, आणि राष्ट्रीय स्तरावरील सिकलसेल निर्मूलन अभियानाचा शुभारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. १९५२ आणि २००६ ह्यांच्यामध्ये ज्या पिढ्या सांधेदुखीचे झटके आणि रक्तक्षय सोसत निघून गेल्या, त्यांच्यापैकी कोणाला त्या शोधनिबंधांत लिहिलेले वाचता आले असते, तर हे अंतर एवढे लांबले असते काय? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

परदेशातील एक प्रकरण तर न्यायालयापर्यंत गेले. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची लहानशी जमात राहते. तिच्यात मधुमेहाचे प्रमाण फार. त्याचे कारण शोधण्यासाठी १९९० च्या सुमारास तेथील राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्त घेतले. पुढे त्याच रक्ताचा उपयोग स्किझोफ्रेनिया, जमातीतील अंतर्गत विवाह आणि पूर्वजांचे स्थलांतर अशा विषयांच्या अभ्यासासाठी झाला. आपण कोठून आलो ह्याविषयी जमातीची स्वतःची श्रद्धा होती. त्या श्रद्धेला छेद देणारे निष्कर्ष आपल्याच रक्तातून, आपल्या नकळत निघाले हे कळल्यावर त्यांना जे दुःख झाले त्याची कल्पना आपण करू शकतो. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावरील नू-चा-नुल्थ लोकांचे रक्तही १९८० च्या दशकात संधिवाताच्या अभ्यासासाठी घेतले गेले आणि दुसऱ्याच संशोधनाला वापरले गेले. ते २००४ मध्ये परत मिळाले.

ह्या दोन्ही प्रकरणांत संशोधक दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे बसलेल्या माणसांमध्ये संशोधन म्हणजे काय हे जाणणारे आणि 'ह्या नमुन्याचे पुढे काय होणार?' असे विचारू शकणारे कोणी नव्हते, हे खरे कारण आहे. संमतीपत्रावर सही होती, परंतु सही करणाऱ्याला प्रश्न विचारता येत नसेल तर त्या सहीचे मोल किती?

आपल्या दाराशी घडलेले

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. २००९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणाऱ्या एचपीव्ही लशीचा एक प्रकल्प तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि आपल्या वडोदरा जिल्ह्यात राबविला गेला. एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेने आयसीएमआर व राज्य शासनांच्या सहकार्याने तो हाती घेतला होता. १० ते १४ वर्षे वयाच्या हजारो मुलींना लस देण्यात आली. त्यांत आदिवासी मुलींची संख्या मोठी होती. वडोदऱ्यात ज्या तालुक्यांची निवड झाली त्यांत आजच्या छोटाउदेपूर जिल्ह्यातील कवांटही होता. दोन्ही राज्ये मिळून सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यानंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला.

चौकशीत हे मृत्यू लशीमुळे झाल्याचे आढळले नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याच चौकशीत आणि २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात जी गोष्ट ठळकपणे पुढे आली ती संमतीची. आंध्रात वसतिगृहाच्या अधीक्षकांनी मुलींच्या वतीने सह्या केल्या होत्या. अनेक अर्जांवर केवळ अंगठे होते. आणि आपण एका अभ्यासात सहभागी आहोत ह्याची जाणीव पुष्कळ पालकांना नव्हती. ते शासकीय लसीकरण समजून चालले होते.

ह्यातील खरी हानी कोणती? लस चांगली होती. जगभरच्या अनुभवाने तिची उपयुक्तता सिद्ध झाली आहे आणि २०२२ मध्ये भारतात तयार झालेल्या एचपीव्ही लशीलाही परवानगी मिळाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरणाऱ्या भारतीय स्त्रियांची संख्या पाहता ती जितक्या लवकर मुलींपर्यंत पोहोचावी तितके बरे. तरीही ह्या लशीची चर्चा निघाली की खम्मम आणि वडोदरा ही नावे अजून निघतात. चांगले विज्ञान विश्वासाच्या अभावी कसे अडते ह्याचे हे उदाहरण आहे. त्या गावांत चार-दोन प्रशिक्षित स्थानिक तरुणी असत्या, ज्यांना अभ्यास आणि उपचार ह्यांतला फरक ठाऊक होता, ज्यांनी घरोघरी जाऊन राठवी बोलीत तो समजावून सांगितला असता आणि मृत्यू घडताच त्याची कारणे गावाच्या देखत नोंदविली असती, तर अफवेला एवढा वाव मिळाला नसता, असे माझे मत आहे.

मोहॉकांचा धडा

आता उलट बाजूचे उदाहरण पाहू. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरालगत काहनावाके ही मोहॉक लोकांची वसाहत आहे. तेथील रुग्णालयात काम करणाऱ्या दोन कौटुंबिक डॉक्टरांना, ज्यांपैकी एक स्वतः मोहॉक होते, आपल्याकडे मधुमेह फार दिसतो अशी शंका आली. १९८० च्या दशकात त्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा ४५ ते ६४ ह्या वयोगटात सुमारे १२ टक्के लोकांना मधुमेह असल्याचे दिसले; हे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या दुप्पट होते. येथपर्यंतची कथा नेहमीचीच. परंतु ह्या डॉक्टरांनी निष्कर्ष नियतकालिकाला देऊन स्वस्थ न बसता तो गावापुढे मांडला. गावातील वडीलधाऱ्यांनी विचारले: हे आमच्या नातवंडांना होऊ नये म्हणून काय करणार?

त्या प्रश्नातून १९९४ साली शाळांमधील मधुमेह-प्रतिबंधाचा प्रकल्प उभा राहिला. त्याचे नियंत्रण गावाच्या सल्लागार मंडळाकडे राहिले आणि गावातील माणसेच त्याचे कार्यकर्ते व संशोधक झाले. विद्यापीठाचे प्राध्यापक आणि गाव ह्यांनी मिळून एक लेखी आचारसंहिता तयार केली. माहिती कोणाच्या ताब्यात राहील, निष्कर्ष आधी कोणाला सांगायचे, लेखनात कोणाचा वाटा असेल, हे सारे तिच्यात नमूद होते. निष्कर्षांच्या अर्थाविषयी मतभेद झाला तर एका पक्षाने दुसऱ्याचे तोंड बंद करायचे नाही, दोन्ही मते बरोबरीने प्रसिद्ध करायची, ही तरतूद मला विशेष शहाणपणाची वाटते.

प्रकल्पाला चमत्कार घडविता आला काय? नाही. आठ वर्षांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्वचेखालील चरबीच्या मापात सुरुवातीला थोडा लाभ दिसला, परंतु मुलांचे वजन-उंचीचे गुणोत्तर, व्यायाम व आहार ह्यांवर अपेक्षित परिणाम आढळला नाही. हे अपयश त्यांनी लपविले नाही, छापले. आपल्याच गावाविषयीचा प्रतिकूल निष्कर्ष प्रामाणिकपणे स्वीकारण्याची तयारी ही संशोधनवृत्तीची खरी कसोटी होय. ती कसोटी ह्या लहानशा वसाहतीने पार केली.

कॅनडातील आदिम राष्ट्रांनी १९९८ मध्ये आपल्या आरोग्यविषयक माहितीबद्दल चार हक्कांचा आग्रह धरला: मालकी, नियंत्रण, उपलब्धता आणि ताबा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या निधीतील किमान ५ टक्के वाटा आदिवासींच्या आरोग्य-संशोधनासाठी खर्च करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. म्हणजे जगभर वारे कोणत्या दिशेने वाहत आहे हे स्पष्ट आहे.

गडचिरोलीचे उत्तर

'हे सारे श्रीमंत देशांत शक्य आहे, आपल्याकडील अल्पशिक्षित लोक काय संशोधन करणार?' असा आक्षेप लगेच येईल. त्याला उत्तर मराठी मुलखातूनच मिळाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ पासून आदिवासीबहुल गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ह्या संस्थेद्वारे जे काम केले ते आपण सर्वजण जाणतो. परंतु त्यातील संशोधन कोणाच्या हातांनी झाले ह्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

१९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला नवजात अर्भकांच्या घरगुती काळजीविषयीचा अभ्यास ३९ गावांत झाला. तुलनेसाठी ४७ गावे होती. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे, गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे आणि ह्या सर्वांची नोंद ठेवणे, ही कामे गावातल्याच, शाळेच्या काही इयत्ता शिकलेल्या स्त्रियांनी केली. डॉक्टर नियमितपणे गावी जाऊन नोंदी पडताळीत. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आला; तुलनेच्या गावांत तो घटला नाही. ह्या अभ्यासाच्या पायावर २०११ मध्ये भारत शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत घरगुती नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. ज्या आकड्यांनी राष्ट्रीय धोरण बदलले, ते आकडे चुलीशेजारी बसून खेड्यातील स्त्रियांनी लिहिले होते.

त्याआधीची एक गोष्ट याहून बोलकी आहे. बालकांच्या न्यूमोनियाचे निदान श्वासांच्या गतीवरून होते. ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक साधे उपकरण बनविले गेले: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि सरकणारे मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी धोक्याचा मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. निरक्षरतेची सबब सांगणाऱ्यांनी हे उपकरण डोळ्यांपुढे ठेवावे. येथे साधन माणसाला जुळवून घेतले गेले, आणि निरीक्षणाची अचूकता निरक्षर सुईणीच्या हातीही आली.

तरीही ह्या यशाकडे पाहताना एक मर्यादा ध्यानात घ्यावी. माहिती गोळा करण्याचे काम स्थानिकांकडे येणे हा पहिला टप्पा आहे. प्रश्न निवडणे, आकड्यांचा अर्थ लावणे आणि लेखणी हाती धरणे हे पुढचे टप्पे आहेत. आज आपल्या प्रत्येक गावात आशा आहे. जन्म, मृत्यू, लस, ताप, गर्भारपण ह्यांच्या इतक्या नोंदी तिच्याइतक्या कोणी ठेवत नसेल. परंतु रजिस्टर भरण्याचे प्रशिक्षण तिला मिळते. रजिस्टर वाचण्याचे मिळत नाही. आपल्या फळीयात गेल्या तीन वर्षांत कमी वजनाची किती बाळे जन्मली, ती कोणत्या महिन्यांत अधिक जन्मली, तेव्हा त्यांच्या माता मजुरीसाठी कोठे गेल्या होत्या, हे तिच्याच वहीत असते. ती वही वर पाठविली जाते आणि तिचा निष्कर्ष कधी खाली येत नाही. तिला टक्केवारी काढणे आणि साधा आलेख वाचणे शिकविले तर संशोधनाची अर्धी वाट चालून झाली.

प्रश्न बदलतात

समाजातूनच संशोधक आले म्हणजे काय फरक पडेल? माझ्या मते सर्वांत मोठा फरक प्रश्नांत पडेल. पुन्हा सिकलसेलचेच पाहू. राष्ट्रीय अभियानाने आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले. आपल्या दृष्टीने प्रश्न असा असतो: वाहकांचे प्रमाण किती? दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. म्हणून विवाहपूर्व समुपदेशन हवे. शास्त्रदृष्ट्या हे निर्दोष आहे.

पण गावातील तरुणीचा प्रश्न वेगळा असतो. माझ्या हाती वाहक असल्याचे कार्ड आले, तर माझे लग्न ठरेल काय? मुलाचे कार्ड कोणी पाहात नाही आणि माझेच का पाहतात? वाहक म्हणजे रोगी नव्हे हे सासूला कोण पटवील? ऊस तोडायला गेल्यावर झटका आला तर हायड्रॉक्सियुरिया कोठे मिळेल? हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. तपासणीला लोक येतील की नाही आणि औषध चालू राहील की नाही, हे ह्यांच्याच उत्तरांवर अवलंबून आहे. मात्र ते विचारण्यासाठी ते ज्याला पडतात असा माणूस संशोधकांच्या बैठकीत बसलेला असावा लागतो.

आपल्या शेजारच्या राठवा समाजात बाबा पिठोराचे भित्तिचित्र नवस फेडण्यासाठी काढतात; घरातील आजारपण हे त्या नवसाचे एक नेहमीचे कारण. ते चित्र 'काढले' असे न म्हणता 'लिहिले' असे म्हणतात. लिहिणाऱ्यांना लखारा म्हणतात, आणि लेखन पुरे झाल्यावर बडवा ते वाचून सर्व काही यथास्थित असल्याची खात्री करतो. ज्यांच्या घराची भिंत, त्यांच्या देखत लिहायचे, आणि लिहिलेले तपासून घ्यायचे, हा संकेत त्या समाजाला जुन्या काळापासून ठाऊक आहे. आपल्या संशोधनाकडूनही त्याने एवढीच अपेक्षा केली तर ती गैरवाजवी म्हणता येणार नाही.

काही अडचणी

हा मार्ग निष्कंटक आहे असा आभास मला निर्माण करावयाचा नाही. पहिली अडचण गुप्ततेची. शेजारीण संशोधक झाली म्हणजे शेजारच्या घरातील क्षय, एचआयव्ही किंवा वाहकत्व तिला कळणार. नाजूक विषयांची माहिती दुसऱ्या गावच्या कार्यकर्तीने घ्यावी, नावाऐवजी संकेतांक वापरावेत, आणि गुप्तता हा प्रशिक्षणाचा पहिला पाठ असावा, हे त्यावरचे व्यवहार्य उपाय आहेत.

दुसरी अडचण 'समाज' ह्या शब्दातच आहे. समाज म्हणजे कोण? सरपंच? वयोवृद्ध पुरुष? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हे स्पष्ट केले आहे की गावप्रमुखाची परवानगी आवश्यक असली तरी ती प्रत्येक व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. स्त्रियांचे प्रश्न स्त्रियांनीच मांडावेत ह्याची व्यवस्था जाणीवपूर्वक करावी लागेल. १९८९ मध्ये गडचिरोलीच्या दोन गावांतील अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. बहुसंख्य स्त्रियांची त्यापूर्वी कधी तपासणीच झालेली नव्हती. पुरुषांच्या बैठकीत हा विषय कधी निघाला नसता.

तिसरी अडचण वेळेची. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध ठराविक मुदतीत पुरा करायचा असतो; गावाचा विश्वास त्या वेळापत्रकाने चालत नाही. विद्यार्थी बदलतात, प्राध्यापक बदलून जातात. अशा वेळी दीर्घकाळ टिकणारी संस्था म्हणून आपल्यासारख्या मंडळाचे महत्त्व आहे.

आणि चौथा धोका असा, की 'स्थानिकांचा सहभाग' ह्या गोंडस नावाखाली स्वस्त मजूर मिळवायचे, त्यांच्याकडून अर्ज भरून घ्यायचे आणि निबंधाच्या शेवटी आभाराच्या एका ओळीत त्यांची बोळवण करायची. क्षमता रुजविण्याचा हा मार्ग नव्हे. ज्याने प्रश्न घडविला, माहिती मिळविली आणि अर्थ लावण्यास हातभार लावला, त्याचे नाव लेखकांत आले पाहिजे.

आपल्याला काय करता येईल

वडोदऱ्याच्या मराठी समाजाला ह्या बाबतीत परंपरेचे पाठबळ आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड ह्यांनी १८९३ मध्ये अमरेली येथे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. शिक्षण कोणाला द्यावे ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी 'सर्वांना' असे दिले. त्या उत्तराची व्याप्ती संशोधनापर्यंत वाढविणे हे आपल्या पिढीचे काम आहे. १९९६ मध्ये आपल्या शहरात सुरू झालेल्या 'भाषा' संस्थेने आणि तिच्या तेजगढ येथील आदिवासी अकादमीने हे दाखवून दिले आहे की आदिवासी तरुण आपल्या भाषेत, आपल्या समाजाविषयी स्वतः लिहू शकतात.

मंडळाच्या विचारार्थ चार सूचना मांडतो.

पहिली: आपल्या कोणत्याही शिबिरात तपासण्या केल्या तर तीन महिन्यांच्या आत त्याच गावात सभा घेऊन एकत्रित निष्कर्ष लोकांच्या बोलीत सांगावेत, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत व आशेकडे ठेवावी. ह्याला खर्च फारसा नाही.

दुसरी: दरवर्षी आदिवासी समाजातील दोन तरुण-तरुणींना शिष्यवृत्ती द्यावी. ते परिचर्या, विज्ञान, समाजकार्य किंवा वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी असू शकतील. संशोधन-पद्धती, संख्याशास्त्राची तोंडओळख, नीतिनियम आणि लेखन ह्यांचे प्रशिक्षण त्यांना आपल्यातील अध्यापक देतील. विषय मात्र ते आपल्या गावाशी बोलून स्वतः निवडतील. पहिला अभ्यास लहान असला तरी चालेल.

तिसरी: आरक्षणाच्या धोरणामुळे आदिवासी समाजातील डॉक्टरांची एक पिढी आज आपल्यात आहे. ते आपले सहव्यावसायिक आहेत. त्यांना व्याख्यानाला बोलवावे, आणि संशोधन-प्रकल्पांत प्रमुख म्हणून निमंत्रित करावे. संशोधकाला आवश्यक असे शिक्षण त्यांच्याकडे आहे. मार्गदर्शक, निधी आणि परिचय ह्यांची वानवा आहे, आणि ह्या तिन्ही गोष्टी आपण देऊ शकतो.

चौथी: आपल्यापैकी जे विविध संस्थांच्या नैतिकता समित्यांवर आहेत त्यांनी आदिवासींसंबंधीच्या प्रत्येक प्रस्तावाच्या वेळी त्या समाजातील प्रतिनिधीला निमंत्रित करण्याचा आग्रह धरावा. मार्गदर्शक तत्त्वांत त्याची सोय आहे; वापर करण्याचीच खोटी आहे. त्या प्रतिनिधीला प्रस्ताव वाचण्याचे प्रशिक्षण आधी द्यावे, नाहीतर त्याची उपस्थिती शोभेपुरती ठरेल.

ह्या सूचनांपैकी एकही असाध्य नाही. विज्ञानाचा दर्जा खालावेल अशी भीती बाळगण्याचेही कारण नाही. उलट ज्याला आपल्या नोंदीचा उपयोग ठाऊक आहे त्याची नोंद अधिक काळजीपूर्वक होते, हा कोणत्याही चांगल्या वॉर्डातील परिचारिकेचा अनुभव आपल्यालाही परिचित आहे.

ज्या समाजाने आपल्या रक्ताचे थेंब, आपली दुखणी आणि आपले मृत्यू विज्ञानाच्या स्वाधीन केले, त्याचे ऋण वैद्यकावर आहे. औषधोपचाराने त्याचा एक भाग फिटतो. दुसरा भाग ज्ञानाचा आहे, आणि ज्ञान निर्माण करण्याचे कौशल्य त्यांच्या हाती सोपविल्यावाचून तो फिटणार नाही. मंडळाच्या आगामी वार्षिक सभेत ह्या सूचनांवर चर्चा व्हावी आणि त्यांतील निदान एकीचा ह्याच वर्षी आरंभ व्हावा, अशी सर्व सभासद बंधुभगिनींना नम्र विनंती आहे.